गोजराचा चिखल

दिवाळे गावातल्या कोळणीला सोनं किती आहे विचारा, ती हसून विषय बदलेल. जागा कुठली विचारा, लगेच हात लांब करून दाखवेल. जागा म्हणजे घर नव्हे. खाडीचं पाणी ओसरलं की जो काळा, गुडघाभर रुतणारा चिखल उघडा पडतो, त्यातला आपल्या घराचा तुकडा म्हणजे जागा. तिला सातबारा नाही, सरकारदरबारी तर तो चिखल कुणाचाच नाही. पण गावात कुठला तुकडा कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोपऱ्यांवर लाकडी खुंट रोवलेले असतात. सासू थकली की सुनेला हाताला धरून नेते, खुंट दाखवते आणि सांगते, पाय ठेवायचा तो याच्या आत. गावात भांडणं झाली, डोकी फुटली, सख्खे भाऊ कोर्टात गेले, पण एका बाईने दुसरीच्या चिखलात पाय टाकला असं कधी झालं नाही.

गोजराला तिची जागा अशीच सासूकडून मिळालेली. गावातली सगळ्यात चांगली जागा ती, आणि गोजराला त्याचा तोरा होता. होडीवर पडून नवरा, नंदकुमार, कमरेतून गेला, तेव्हापासून घर या चिखलावरच चाललं होतं. चिखलात असतात निवट्या. बोटाएवढा मासा, डोळे टाळूवर आलेले, चिखलात बीळ करून राहणारा. बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडावर टाच दाबायची आणि दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. चिखलाला गाल टेकतो, नाकातोंडात खारट वास जातो, आणि मग बोटांना काहीतरी वळवळतं लागतं. गोजरा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाटी घेऊन उतरायची आणि भरती लागायच्या आत भरलेली पाटी घेऊन वर यायची. बाजारात तिच्या मासळीच्या वाट्यांना घासाघीस नसे. बेलापूरच्या फ्लॅटांतली माणसंसुद्धा तिची वाट पाहत थांबत.

गोजराचा एक दोष होता, आणि तोच तिच्या मुळावर आला. तिला अर्धवट काम जमत नसे. कुणाच्या लग्नात भांडी घासायला बसली तरी कढईचं बूडसुद्धा लख्ख करून उठायची. शेजारची हिरूबाय तिच्या बरोबर उलटी. हिरूची जागा गोजराच्या जागेला लागून, पण हिरू चिखलात उतरायची तीच कंटाळत आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत. तिच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी तिला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत खाडीपलीकडे पोहोचलेली असे.

तर एके दिवशी देवळापुढच्या मांडवात बंदरातल्या एका खाजगी धक्क्याच्या कंपनीची माणसं आली. दिवाळ्याची होडी खाडीच्या तोंडाशी गेली की तिकडे समोर त्या धक्क्याच्या क्रेन दिसतात आणि खाली उभी असलेली डोंगराएवढी जहाजं. कंपनीचा साहेब होता खलील. मूळचा मुरूडकडचा, चुलते-मामे सगळे जहाजावर. तोही उमेदीची वर्षं इंजिनरूममध्ये तेलाच्या धगीत काढून आता कंपनीत पर्यावरण अधिकारी झाला होता, आणि जुईनगरला फ्लॅट घेऊन राहत होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, बायकांनी त्याचं ऐकलंच नसतं.

"मावशी, जहाज धक्क्याला लागलं तरी त्याचं इंजिन बंद होत नाही," तो सांगू लागला. "आतले दिवे, पंप, थंड कंटेनर, सगळं चालवायला दिवसरात्र तेल जळतं. त्या धुराने हवा तापते. खरा उपाय म्हणजे धक्क्यावरून जाड केबल टाकून जहाजाला वीज द्यायची आणि इंजिन बंद करायचं. ते आम्ही करणारच आहोत, पण टाइम लागेल. तोपर्यंत तिवरं लावू. तिवरांची झाडं धुरातला वायू ओढून घेतात आणि चिखलात धरून ठेवतात."

"म्हंजे धूर जहाजांनी सोराचा," हिरू मागून ओरडली, "आन् तो आमच्या चिखलानं गिलाचा?"

मांडव हसला. खलीलही हसला. मग गोजराने विचारलं, कारण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. "साहेब, झारं लागल्यावं आमची जागा कुनाची?"

"जागा तुमचीच," खलील म्हणाला. "झाडं वाढली तरी तुम्हाला कोण अडवणार? माझा शब्द आहे."

तो खरंच तसं मानत होता. गोजरालाही पटलं. तिवरांच्या मुळाशी चिंबोऱ्या, मोठे खेकडे, येतात हे तिला माहीत होतं. निवट्या आहेतच, वर चिंबोऱ्या मिळतील, असा साधा हिशेब तिने मनाशी केला. शिवाय लागवडीची मजुरी मिळणार होती.

लागवडीचं काम एका संस्थेकडे होतं आणि संस्थेची गीतांजली नावाची मुलगी देखरेखीला आली. गमबूट, टोपी, हातात नायलॉनची दोरी. तिने चिखलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि बायकांना म्हणाली, या रेषेवर सगळ्यांनी ओळीने रोपं लावत जा. बायका जागच्या हलल्या नाहीत. गीतांजलीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा सांगितलं.

"ती रेघ हिरूच्या जागेतून जाते," गोजरा म्हणाली. "तिच्यात मी कशी जाऊ?"

"अहो पण इथे काय बांध आहे का? सगळा चिखलच तर आहे."

"तुना दिसत नाय, आमाला दिसतो."

शेवटी गीतांजलीने दोरी गुंडाळली. ठरलं की जिने तिने आपापल्या जागेत लावावं. त्या दिवशी त्या बायकांना आपणच जिंकलो असं वाटलं. गाव आपल्या रीतीवर अडून राहिला आणि बाहेरच्यांना वाकावं लागलं, याचा आनंद हिरूने आठवडाभर साऱ्या बाजाराला सांगून पुरवला. त्या हट्टाने आपला गळा आपणच फासात दिलाय, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

हिरूने काम कसं केलं ते सांगायला नको. पाणी चढत असतानाच उतरायची, रोपं खुपसायची, मजुरी घ्यायची. अर्धी रोपं पहिल्याच उधाणात तरंगत काठाला आली. बाकीच्या बायकांचंही थोडंफार तसंच. गोजराने मात्र जीव ओतला. प्रत्येक रोपाची प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने फाडून काढायची, मुळांभोवतीची माती सुटू द्यायची नाही, भांगाचे दिवस बघून लावायचं, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते. शेवाळ रोपांना गुंडाळून आडवं पाडतं म्हणून ती सुकतीला जाऊन एकेक रोप हाताने सोडवायची. याची मजुरी कुणी देत नव्हतं. नंदकुमार अंथरुणावरून म्हणायचा, "अगं, ती झारं कंपनीची हायेत." ती म्हणायची, "जागा माझी हाय ना? माझ्या जागेत मेलेली झारं दिसली तर गाव काय बोलेल?"

झाडं कमरेएवढी झाली. हिरूच्या आणि इतरांच्या जागेत चार वाकड्या काड्या, आणि गोजराची जागा हिरवीगार. कंपनीने तिचा सत्कार केला. साडी दिली, नारळ दिला, कुठल्याशा मोठ्या साहेबाने तिच्याशी हात मिळवला. ती लाजली आणि खूशही झाली. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी ती हवेत होती.

निवट्या मात्र कमी होत गेल्या. म्हणजे पाटीतल्या. तिवरांची मुळं चिखलातून सुयांसारखी वर आली, चिखल आवळला, घट्ट झाला. निवटीला मऊ, उघडा, उन्हात चमकणारा चिखल लागतो. ती गोजराच्या जागेतून निघाली आणि शेजारी हिरूच्या जागेत राहायला गेली. चिंबोऱ्या येतील म्हणून गोजरा वाट बघत राहिली. आल्याही थोड्या. पण त्या धरायला तिला मिळाल्या नाहीत, कारण एका सकाळी ती पाटी घेऊन गेली तर तिच्या जागेभोवती तारेचं कुंपण होतं आणि एक फलक: संरक्षित कांदळवन, प्रवेश बंद. राखणीला खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. त्याने तिला हटकलं.

"आयला, माझी जागा हाय ती!"

"कागद दाखव," तो म्हणाला.

बाकी कुणाच्या जागेला कुंपण नव्हतं. तिथे राखायला काही नव्हतंच. ज्या बायकांनी काम बुडवलं त्यांचा चिखल मोकळा राहिला आणि जिने चोख केलं तिच्या चिखलाला तार लागली. असा न्याय कुणाला सांगून खरा वाटत नाही, पण गोजरा त्याच्यासमोर रिकामी पाटी घेऊन उभी होती.

ती तशीच चिखलाच्या पायांनी बेलापूरला कंपनीच्या ऑफिसात गेली. काचेच्या दारावरच्या पोरीने नाक मुरडलं, पण खलीलने आवाज ओळखला आणि स्वतः बाहेर आला. तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. गोजराने पाण्याला हात लावला नाही.

"साहेब, तू शब्द दिलेलास."

"दिला होता, मावशी."

"मग?"

खलीलने टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. मग त्याने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बाहेरदेशची माणसं येऊन तिची झाडं मोजून गेली होती. इतकी झाडं, म्हणजे इतका वायू चिखलात धरला गेला, म्हणजे तेवढा जहाजांचा धूर मोजायचाच नाही, असा तो हिशेब. कागदावर धक्का स्वच्छ झाला. पण अट अशी की पुढची तीस वर्षं त्या झाडांत कुणाचा पाय पडता कामा नये, नाहीतर सगळा हिशेब फिसकटतो. वरून सही झाल्यावर त्याला कळवण्यात आलं.

"आन् ती वायर? जहाजांना वीज देनार होतास ती?"

"फाइल बंद केली." खलील तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी मीटिंगमध्ये भांडलो. ते म्हणाले, एवढा खर्च कशाला आता? झाडांनी काम झालंय. तुमची झाडं फार चांगली आली, मावशी. कुणालाच अपेक्षा नव्हती. अर्धी मेली असती ना, तर केबल टाकावीच लागली असती."

गोजराला पहिल्यांदा ते नीट समजलं नाही. मग समजलं. तिची जागा गेली ती गेलीच, आणि त्या बदल्यात जहाजांचा धूर कमी व्हावा तर तोही तसाच चालू होता, उलट आता त्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. आपण शेवाळ सोडवत बसलो होतो ते कुणासाठी? तिला साहेबाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण तो स्वतःच इतका खचलेला दिसत होता की थुंकून काही उपयोग नव्हता. ती उठून चालू लागली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. दुसऱ्यांची मासळी साफ करून द्यायची, सोसायट्यांत लादी पुसायची. बाजारात तिची नेहमीची गिऱ्हाइकं आता हिरूकडून निवट्या घ्यायची, कारण सगळ्या निवट्या हिरूच्या चिखलात गेल्या होत्या. गोजरा मान खाली घालून तिथून जायची. शेवटी एक दिवस हिरूनेच तिला गाठलं.

"माझ्या जागेत ये," हिरू म्हणाली. "मना एकटीला उरकत नाय. अर्धं तुझं, अर्धं माझं."

दिवाळ्यात असं कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. गोजराने नको म्हणायला तोंड उघडलं आणि ती रडली. दुसऱ्या दिवसापासून ती हिरूच्या जागेत उतरू लागली, पण खुंटापाशी रोज थांबायची. हिरूने "ये" म्हटल्याशिवाय पाय टाकायची नाही. मालकिणीची ती आश्रित झाली होती, आणि हे दोघींनाही कळत होतं.

हेही फार दिवस चाललं नाही. कंपनीला आणखी झाडं हवी होती. धक्क्याला लागणारी जहाजं वाढली होती, म्हणजे धूर वाढला होता, म्हणजे हिशेबाला आणखी हिरवळ लागणार होती. मेलेल्या जागांत पुन्हा लागवड करायची ठरलं आणि सुरुवात हिरूच्या जागेपासून. या वेळी गीतांजली दोरी घेऊन आली नाही. ती थेट गोजराच्या घरी आली.

"मावशी, सगळी जागा तुम्हीच लावायची. पगारावर. सर म्हणतात, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

नंदकुमार अंथरुणावरून बघत होता. गोजराने विचार करायला एक रात्र घेतली आणि हो म्हणाली.

हिरूला कळलं तेव्हा तिने भर बाजारात गोजराच्या अंगावर धाव घेतली. "मी तुना माझ्या जागेत घेतली आन् तू तीच इकायला निगालीस? तुझी गेली म्हनून माझी पन घालवतेस?" गोजरा तिथून निघून गेली. तिला सांगता आलं असतं, पण हिरूला सांगणं म्हणजे राखणदाराला सांगण्यासारखंच. बायकांनी तिच्या दारावरून जाणं सोडलं. पाण्याच्या नळावर ती आली की बोलणं थांबायचं.

हिरूच्या परवानगीवाचून ती हिरूच्या चिखलात उतरली. काठावर देखरेखीचा माणूस बसलेला, त्याला दिसेल अशी सरळ ओळ, सरळ उभी रोपं. प्रत्येक रोप ती त्याच्या पिशवीसकट पुरत होती. प्लॅस्टिक तसंच, वरून चिखल थापून सारखा केलेला. आत मुळं गोल फिरून फिरून स्वतःलाच गुंडाळणार आणि गुदमरणार. आयुष्यात पहिल्यांदा ती वाईट काम करत होती, आणि तेही नीट करावं लागत होतं, एकही पिशवी वर दिसता कामा नये म्हणून. पहिल्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. झाडाने तिचं काय वाकडं केलं होतं? त्याची तिला शरम वाटत होती, आणि ती शरम नंदकुमारलाही सांगता येत नव्हती.

रोपं काही महिने हिरवी राहिली. मग पानं पिवळी पडली, मग काळी, आणि ओळीच्या ओळी उभ्या जागी वाळल्या. गीतांजलीने येऊन डोक्याला हात लावला. गावात बोलू लागले, गोजराचा हात गेला. कंपनीने तिला कामावरून काढलं. एका सुकतीला हिरूने वैतागून एक वाळकं रोप उपटलं आणि तिच्या हातात काळी पिशवी आली. ती तिथेच चिखलात बसली. मग रोप होतं तसं परत खुपसून तिने वरून चिखल दाबला. संध्याकाळी ती गोजराच्या दाराशी आली, आणि पहिल्यांदाच तिने काहीही न बोलता दोन वाटे निवट्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि गेली.

खलील पाहणीला आला तो एकटाच. त्याने पँट दुमडली, चिखलात उतरला, दोन रोपं हलवून बघितली. तिसऱ्याच्या बुडाशी बोट घातलं. खाडीकाठचा माणूस, त्याला प्लॅस्टिक लगेच लागलं. गोजरा काठावर उभी होती. आता हा काय करतो ते करू दे, असं ठरवून ती आली होती.

खलील वर आला, डबक्यातल्या पाण्याने हात धुतले. "चिखल लागवडीला योग्य नाही, असं लिहितो," तो म्हणाला.

गोजराच्या छातीवरचा दगड उतरला. हिरूचा चिखल वाचला होता. तिला एकदम आशा वाटली आणि ती बोलून गेली, "मग आता ती वायर टाकावी लागंल ना तुमाला? झारं नायत तर?"

"नाही, मावशी." खलील पँटची घडी सोडत होता. "दुसरी खाडी बघितलीय. तिकडे काम सुरूपण झालं मागच्या महिन्यात. माझ्याच गावची खाडी आहे. साहेब लोकांनी मला विचारून निवडली. बायका कामाला चोख आहेत तिथल्या."

गोजरा त्याच्याजवळ आली.

"कुनाच्या जागेत लावतान त्या?"

"जिच्या तिच्या."

"तू सांगितलंस त्यांना?"

पलीकडे गाडी उभी होती, ड्रायव्हरने दार उघडून ठेवलं होतं. खलील दोन पावलं चालला आणि थांबला. "तुम्ही याल का माझ्याबरोबर?" तो म्हणाला. "माझी फुफी, म्हणजे आत्या, आहे त्यांच्यात, इशरत. माझं ती ऐकत नाही. म्हणते, साहेबांनी शब्द दिलाय. आमच्या जागेत मेलेली झाडं दिसली तर लोक काय म्हणतील? तुम्ही सांगा तिला."

"येते," गोजरा म्हणाली. पदर खोचून ती गाडीकडे निघालीही. मग मध्येच थांबली, खाली बघत म्हणाली, "पन ती नाय ऐकायची, साहेब. मना कुनी येऊन सांगितलं असतं तर मीबी नसतं ऐकलं."